खैरातीची यादी, हक्काची यादी

दरवर्षी रमजान जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये याद्या तयार होऊ लागतात. कोणत्या घरात विधवा आहे, कोणाचा रोजगार सुटला आहे, कोणाकडे अंथरुणाला खिळलेले म्हातारे आहेत, हे मशिदीच्या कमिटीपासून कॉलेजात जाणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांना माहीत असते. त्या यादीप्रमाणे पीठ, तांदूळ, डाळ, तेल, साखर, खजूर आणि शेवयांचे किट घरोघर पोहोचते. २०२० च्या टाळेबंदीत याच याद्या कामाला आल्या. अनेक ठिकाणी तरुण मुलामुलींनी जात-धर्म न पाहता त्या वाढवल्या. पण ईद झाली की यादी संपते आणि वहीचे ते पान पुढच्या वर्षीच उघडते.

दुसरी एक यादी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत असते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्यांची ही यादी बाराही महिने चालते. तिच्यात नाव असेल तर दरमहा धान्य मिळते आणि ते मिळाले नाही तर दाद मागता येते. खैरात मिळाली नाही तर दाद कुणाकडे मागणार?

या दोन याद्या शेजारी ठेवून ताडून पाहण्याचे काम आपल्याकडे फारसे कुणी करत नाही. किट घेणाऱ्या घरांपैकी किती घरांना रेशनचे धान्य मिळते? ज्यांना मिळत नाही त्यांची नावे नेमकी कुठे अडली आहेत? किती मुले अंगणवाडीच्या पटावर आहेत? कोणत्याही वस्तीतल्या कार्यकर्त्याला हे विचारा. ‘खूप लोकांना मिळत नाही’ असे उत्तर येते. ‘खूप’ या शब्दावर कोणतेही सरकारी कार्यालय हालत नाही. म्हणून या संपादकीयातून मला तरुण वाचकांपुढे एक काम ठेवायचे आहे. आपापल्या गल्लीतली भूक मोजायचे.

सरासरीच्या आड

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आहेत, २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने हडकुळी आहेत आणि ३६.१ टक्के मुलांचे वजन कमी आहे. देशात हडकुळ्या मुलांचे प्रमाण १९.३ टक्के आहे, म्हणजे आपले प्रगत राज्य या बाबतीत देशाच्या सरासरीच्याही मागे आहे. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षय चौथ्या फेरीत ४८ टक्के होता, तो ५४.२ टक्के झाला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये तो ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेला. दर तीन लहान मुलांमागे दोन मुलांच्या अंगात पुरेसे रक्त नाही, असा याचा सरळ अर्थ.

हे आकडे राज्याचे आहेत. सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंत पोहोचते, पण भिवंडीच्या लूमच्या गल्लीत, मालेगावच्या झोपडपट्टीत, मिरजेच्या एखाद्या मोहल्ल्यात किंवा कोंढव्याच्या भाड्याच्या खोल्यांत काय चालले आहे ते त्यातून कळत नाही. मुंबई महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता. तो विभाग वेगळा काढून पाहिला म्हणूनच हे दिसले. शहराची सरासरी काढली असती तर गोवंडी मलबार हिलच्या आड दडली असती.

उलट बाजूही ध्यानात ठेवायला हवी. आपला समाज प्रत्येक निकषावर सर्वांत मागे असणार, हे गृहीत धरून पाहणीला निघू नये. मुस्लिमांमधील अर्भकमृत्यू आणि बालमृत्यूचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कमी असल्याचे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदवले होते. शिक्षणात आणि नोकऱ्यांत मागे असलेल्या समाजाबद्दलचा हा आकडा अनेकांना अनपेक्षित होता. मोजल्याशिवाय बोलू नये, हा धडा आपल्याविषयी पूर्वग्रह बाळगणाऱ्यांना जितका लागू आहे तितकाच आपल्यालाही आहे.

मोजणीने काय झाले

मोजणीतून हक्क निघतात, हे महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास मांडला आणि माणसाला पोटापुरते उष्मांक मिळण्यासाठी किती खर्च करावा लागतो, या प्रश्नावर गरिबीची चर्चा आणून ठेवली. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. गावोगावचे जन्म-मृत्यू त्यांनी स्वतः नोंदवले आणि सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्ष बालमृत्यू कितीतरी अधिक आहेत हे दाखवून दिले. विधिमंडळात गदारोळ झाला, न्यायालयाने दखल घेतली आणि पुढे २००५ मध्ये राज्यात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. त्या पाहणीत घरोघर फिरणाऱ्यांत गावातली साधी, थोडे शिकलेली माणसे होती.

त्याच २००१ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. गोदामे धान्याने भरलेली असताना राजस्थानात माणसे उपाशी होती. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने न्यायालयाने सरकारी अन्नयोजनांना हक्काचे रूप दिले आणि प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देण्यास सांगितले. याच खटल्यात १३ डिसेंबर २००६ रोजी एक आदेश झाला. तो प्रत्येक वस्तीतल्या तरुणाने पाठ करावा असा आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी सुरू झाली पाहिजे. म्हणजे दोन मुलींनी एका रविवारी आपल्या गल्लीतली सहा वर्षांखालची मुले मोजली आणि आकडा ४० च्या वर गेला, तर त्यांच्या हातात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाच्या आधारे करायची मागणी आहे. मोजले नाही, तर काहीच नाही.

कायदा काय देतो आणि कुठे अडतो

२०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो. सुरुवातीला तांदूळ ३, गहू २ आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. याच कायद्यात गर्भवती आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतून आहार, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना पूरक पोषण आणि आठवीपर्यंत शाळेत दुपारचे जेवण आहे. बाळंतपणासाठी किमान ६,००० रुपये देण्याचे कलमही आहे. प्रत्यक्षात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० रुपये मिळतात. कायदा आणि योजना यांतला हा फरक किती बाळंतिणींना माहीत आहे?

महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये ठरली. शहरातल्या ५९,००० ला बाराने भागले तर महिन्याला ४,९१६ रुपये होतात. पाच माणसांचे जे कुटुंब मुंब्र्यात खोलीचे भाडे, वीजबिल आणि मुलांचा खर्च भागवते, त्याचे उत्पन्न याहून जास्त असणारच. ते कागदावर ‘अपात्र’ ठरते आणि महिनाअखेरीला उधारीवर जेवते. मर्यादा कायदा आला तेव्हाची, महागाई आजची. त्यामुळे खरे उत्पन्न सांगणारा बाहेर राहतो आणि दाखल्यावर आकडा बसवून घेणारा आत जातो.

दुसरी अडचण इष्टांकाची. राज्याला या कायद्याखाली सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांचा कोटा आहे. ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के लोकसंख्या एवढीच व्याप्ती, तीही २०११ च्या जनगणनेवर आधारलेली. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता २०२७ ची वाट पाहायची. या काळात शहरे वाढली, लोक गाव सोडून आले, लग्ने झाली, मुले जन्मली. पण कोटा भरला असेल तर नवे नाव घेता येत नाही. म्हणून कितीतरी घरांत केशरी कार्ड असते पण धान्य नसते. अशी माणसे म्हणतात, ‘कारड तो है, पर राशन नैं मिलता.’ ते कार्ड फक्त पत्त्याचा पुरावा म्हणून पेटीत पडून राहते. टाळेबंदीत मे आणि जून २०२० मध्ये केशरी कार्डांवर ८ रुपये दराने गहू आणि १२ रुपये दराने तांदूळ दिला गेला होता. म्हणजे या घरांची गरज सरकारलाही तेव्हा मान्य होती.

तिसरी अडचण कागदांची. आपल्या नावांचे स्पेलिंग हा स्वतंत्र विषय आहे. आधारवर ‘शेख’ एका तऱ्हेने, कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने. एकीकडे ‘फातिमाबी’, दुसरीकडे ‘फातेमा बानो’. कुठे वडिलांचे नाव, कुठे नवऱ्याचे. ई-केवायसी करताना ही गाठ सुटत नाही. आयुष्यभर बिड्या वळलेल्या किंवा भांडी घासलेल्या बाईच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. छप्परबंद, मदारी, फकीर अशा फिरत्या जमातींच्या घरांत तर जन्माच्या दाखल्यापासूनच सुरुवात करावी लागते.

कार्ड कुणाच्या नावावर?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न घराच्या आतला आहे. अन्नसुरक्षा कायद्याचे कलम १३ म्हणते की पात्र कुटुंबातील अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख असेल. देशाच्या कायद्याने स्त्रीला घरात एवढे स्थान क्वचितच दिले आहे. पण कार्डावर स्त्रीचे नाव पहिले असणे आणि धान्यावर तिचा ताबा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नवऱ्याने सोडलेल्या, तोंडी तलाक देऊन किंवा तेवढेही न बोलता माहेरी पाठवून दिलेल्या मुलीचे काय होते ते पाहा. सासरच्या कार्डावर सासू कुटुंबप्रमुख असते आणि हिचे नाव तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकावर. ती दोन मुलांना घेऊन माहेरी येते. तिचे ५ किलो आणि मुलांचे १० किलो असे महिन्याचे १५ किलो, म्हणजे वर्षाचे १८० किलो धान्य सासरच्या कार्डावर निघत राहते, कारण घरातल्या कोणत्याही एका सदस्याचा अंगठा लागला की पूर्ण कार्डाचे धान्य मिळते. माहेरच्या कार्डात नाव घालायचे तर आधी सासरच्या कार्डातून कमी झाल्याचा दाखला हवा. तो दाखला आणायला सासरच्या माणसांची मदत लागते. ज्यांनी तिला घराबाहेर काढले तेच तिला धान्याच्या यादीबाहेर काढायला तयार नसतात, कारण त्यात त्यांचे नुकसान आहे. कार्यालयात घटस्फोटाचा कागद मागतात. तो तिच्याकडे नसतो.

मी अशा स्त्रियांशी बोललो आहे. त्या पोटगीबद्दल बोलतात, मुलांच्या शाळेबद्दल बोलतात, पण रेशनबद्दल विचारले तर आधी गप्प होतात. एक बाई म्हणाली, ‘मेरा नाम वहाँ खा रहा है, मैं यहाँ भूकी हूँ.’ अन्नहक्कावरच्या कोणत्याही अहवालापेक्षा हे एक वाक्य मला नेमके वाटते. आपण वर्षानुवर्षे तलाकच्या कायद्यावर बोललो, बोललेच पाहिजे. पण सोडलेल्या स्त्रीच्या पुढच्या महिन्याच्या धान्याचा प्रश्न कोर्टाच्या तारखेची वाट पाहत नाही.

इथे मार्ग निघू शकतो. अंत्योदय योजनेच्या निकषांत विधवा, अपंग, गंभीर आजारी, निराधार वृद्ध यांच्याबरोबर कुटुंबाचा आधार नसलेल्या एकल स्त्रियांचाही समावेश आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ओळखीच्या पुराव्याचा आग्रह न धरता शिधा देण्याचे आदेश राज्यांना दिले होते. कागद नाही म्हणून माणूस उपाशी राहू शकत नाही, हे तत्त्व त्यातून निघते. मग स्थानिक चौकशीच्या आणि शेजाऱ्यांच्या जबाबाच्या आधारे परित्यक्तेचे नाव वेगळे का करता येऊ नये? ही मागणी करायची तर अशा स्त्रिया आपल्या वस्तीत किती आहेत, हे सांगता आले पाहिजे. आणि आपल्या जमातीच्या पंचांनाही विचारता आले पाहिजे की निकाह आणि तलाकच्या नोंदी ठेवणारे तुम्ही, तिच्या रेशनसाठी एक पत्र का देत नाही?

पोट भरले, पोषण झाले का?

पाच किलो तांदूळ-गव्हाने भूक शमते, रक्त वाढत नाही. आपल्या गरीब घरांचा दिवस कसा जातो ते सर्वांना ठाऊक आहे. सकाळी चहा-खारी किंवा चहा-पाव, दुपारी भात आणि पातळ डाळ, रात्री रोटी आणि बटाट्याचा रस्सा. भाजी असली तर थोडी, फळ आजारपणात. अंडे-मांस आधी कमावत्या पुरुषाच्या आणि मुलाच्या ताटात पडते, आणि बाई शेवटी पातेल्यात उरलेल्या रश्शाबरोबर जेवते. हे वाढपाचे राजकारण कोणत्याही सरकारने आपल्यावर लादलेले नाही.

सरकारनेही काही दरवाजे बंद केले आहेत. गरीब मुस्लिम, काही दलित आणि ख्रिस्ती घरांत मोठ्याचे मटण हा स्वस्त प्रथिनांचा आणि लोहाचा आधार होता. १९९५ च्या सुधारणा विधेयकाला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि राज्यात बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैसवर्गीय जनावरांना ती लागू नाही, पण बाजारावर आणि लोकांच्या मनावर परिणाम व्हायचा तो झालाच. त्या जागी गरिबाच्या ताटात काय आले? कोंबडी, अंडी, डाळ की काहीच नाही? यावर घोषणा पुष्कळ झाल्या, घरोघरची माहिती फारशी गोळा झाली नाही. शाळेच्या जेवणाचेही तसेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्या मुलांना केळे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी बंद झाला आणि द्यायचे असेल तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेत अंडे चालते, मग शहरातल्या गरीब वस्तीतल्या पालिकेच्या शाळेत ते का नको, हा प्रश्न मुस्लिमांनी एकट्याने विचारायचा नाही. त्या बाकांवर बसणारी मुले सर्व जातींची आहेत.

पाहणी कशी करायची

यासाठी पीएचडी लागत नाही. पद्धत आणि प्रामाणिकपणा लागतो.

एक गल्ली निवडा आणि तिच्यातले प्रत्येक घर घ्या. फक्त ओळखीची किंवा फक्त किट घेणारी घरे घेतली तर निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. गल्ली मोठी असेल तर दर तिसरे किंवा दर पाचवे घर घ्या आणि तो नियम मोडू नका. शेजारी बौद्ध, मातंग, वडार, उत्तर भारतीय कामगार राहत असतील तर त्यांचीही घरे त्यात येतील. भुकेची पाहणी फक्त आपल्यापुरती केली तर ती अपुरी होते आणि तिची ताकदही घटते.

प्रश्न तीन प्रकारचे. पहिला रेशनचा: कार्ड आहे का, कोणत्या रंगाचे, किती नावे, घरात प्रत्यक्ष माणसे किती, गेल्या महिन्यात किती किलो मिळाले, यंत्राची पावती मिळाली का. पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो दोन्ही लिहा.

दुसरा भुकेचा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आठ प्रश्नांची एक पट्टी केली आहे, ती जगभर वापरली जाते. गेल्या बारा महिन्यांत पैशाअभावी अन्नाची काळजी वाटली का, सकस खाता आले नाही का, तेच तेच खावे लागले का, एखादे जेवण टाळले का, कमी खाल्ले का, घरातले अन्न संपले का, भूक असून खाल्ले नाही असे झाले का, पूर्ण दिवस उपाशी गेला का. आपल्याकडे शेवटचे प्रश्न विचारताना रोजा आणि उपासमार यांत फरक करावा लागेल. ‘पैशाअभावी’ हा शब्द प्रत्येक वेळी उच्चारा.

तिसरा ताटाचा. घरातल्या बाईला कालचा दिवस आणि रात्र आठवायला सांगा आणि दहा गटांपैकी तिने काय खाल्ले त्यावर खूण करा: धान्य व कंद, डाळी-कडधान्ये, दाणे व बिया, दूध-दही, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, गाजर-पपईसारखी पिवळी-केशरी फळे-भाज्या, इतर भाज्या, इतर फळे. एखाद्या वस्तीत पाचाहून कमी गट खाणाऱ्या स्त्रिया जास्त निघाल्या, तर त्यांच्या आहारात जीवनसत्त्वे आणि खनिजे अपुरी असल्याची ती खूण मानतात. हा प्रश्न रमजानमध्ये आणि बकरी ईदच्या आठवड्यात विचारू नये, त्या दिवसांचे ताट वर्षभराचे नसते. आणि तो बाईलाच विचारावा, मुलींनी विचारावा, नवरा आणि सासू बाजूला असताना विचारावा.

जमले तर अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडून दंडघेर मोजायला शिकून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित आहे. ११.५ ते १२.५ असेल तर मध्यम. असे मूल सापडले तर फॉर्म बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी त्याला अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात न्या.

भाषेचे भान ठेवा. मराठी फॉर्म हातात असला तरी प्रश्न दखनीत, कोकणीत, उर्दूत, त्या घराच्या बोलीत विचारा.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट विश्वासाची. २०१९-२० पासून आपल्या वस्त्यांत कागद घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसाची भीती आहे आणि ती विनाकारण नाही. म्हणून आधार कार्डाची झेरॉक्स मागू नका, फोटो काढू नका, अंगठा घेऊ नका. फॉर्मवर घराला क्रमांक द्या, नावांची वही वेगळी आणि एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवा. कशासाठी विचारतो ते आधी सांगा. ‘नाही’ म्हटले तर सलाम करून पुढे जा. पाहणीतून लगेच धान्य मिळेल असे खोटे आश्वासन देऊ नका. कुणाच्या घरच्या भुकेची गोष्ट चहाच्या टपरीवर आणि स्टेटसवर जाता कामा नये.

पुढे काय?

आकडे हातात आले की दोन पानांचा अहवाल पुरे. पहिल्या पानावर काय सापडले, दुसऱ्यावर काय हवे. कार्ड असून धान्य नसलेली घरे, नावे वाढवायची राहिलेली मुले, ठसा न जुळणारी म्हातारी माणसे, सासरच्या कार्डात अडकलेल्या स्त्रिया, असे गट पाडून अर्ज करा. माहितीच्या अधिकारात आपल्या दुकानाला दरमहा किती धान्य येते आणि त्यावर किती कार्डे जोडलेली आहेत ते विचारा. दुकानावरच्या दक्षता समितीत कोण आहे ते शोधा, कायद्याच्या कलम २९ ने ती बंधनकारक आहे. हक्काचे धान्य मिळाले नाही तर कलम ८ प्रमाणे अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो. तक्रार १९६७ या हेल्पलाइनवर, मग जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि तिथे न्याय नाही मिळाला तर राज्य अन्न आयोगाकडे नेता येते. प्रत्येक पायरीवर पोच घ्या, तारीख लिहा.

काही जण म्हणतील, हे सरकारचे काम आहे, आपण का करायचे? सरकारचेच आहे, म्हणूनच ते कुठे झाले नाही हे दाखवायचे. काही म्हणतील, मग जकात आणि सदका बंद करायचा का? मुळीच नाही. ज्याचे नाव यादीत यायला सहा महिने लागतील त्याला उद्याचे जेवण द्यावेच लागेल. पण किटच्या पिशवीबरोबर एक फॉर्म गेला पाहिजे आणि पुढच्या वर्षी त्या घराला किटची गरज उरू नये, असे उद्दिष्ट ठेवले पाहिजे. वर्षानुवर्षे त्याच घरात तीच पिशवी जात असेल, तर देणाऱ्याला पुण्य मिळत असेल, घेणाऱ्याचे दैन्य मात्र जसेच्या तसे राहते. आणि ज्यांना किट वाटतानाचा फोटो हवाच असतो, त्यांना एवढेच सांगेन की तहसील कार्यालयाच्या पोचपावतीचा फोटो अधिक शोभून दिसेल.

आपण सारे संविधानाची भाषा बोलतो. अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा पहिला अर्थ पोटाशी आहे आणि अनुच्छेद ४७ ने लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. एका गल्लीतली ६० किंवा ८० घरे चार जणांच्या गटाला तीन रविवारांत होतील. गटात निम्म्या मुली असाव्यात. पुढचा रमजान येण्याआधी निदान एका गल्लीची पाहणी पूर्ण करा आणि जे सापडेल ते या मासिकाकडे पाठवा. मराठीत लिहा किंवा इंग्रजीत लिहा, कच्चे असले तरी चालेल. आम्ही ते छापू, आणि ज्या कार्यालयाला ते वाचायला हवे तिथे तुमच्याबरोबर घेऊन जाऊ.